कापलेल्या फोटोंचा माणूस

गॅदरिंगच्या आधी आमच्या म्युझिक ग्रुपच्या डोक्यात एक खूळ शिरलं. यंदा नुसता कार्यक्रम करायचा नाही, कॉलेजमधल्या गाण्या-बजावण्यावर २४ पानांचा एक अंकही काढायचा. लेख लिहायला आठ-दहा जण लगेच तयार झाले, जाहिराती गोळा करायला दोघे मिळाले, आणि फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एकच. मामाने वापरून बाजूला ठेवलेला कॅमेरा माझ्याकडे होता. ज्याच्याकडे कॅमेरा तो फोटोग्राफर, हा हॉस्टेलचा न्याय.

अंकाचा संपादक होता माझाच रूम पार्टनर. म्हटलं, घरचंच काम आहे, काही अडचण यायची नाही. मित्रांनो, इथेच मी चुकलो.

तालमी रात्री जेवणानंतर ड्रॉइंग हॉलमध्ये चालायच्या. पहिल्या रात्रीचे सगळे फोटो वाया गेले. प्रत्येक फोटोवर आडवे काळपट पट्टे! कॅमेरा बिघडला असं वाटून मी हवालदिल झालो. इलेक्ट्रिकलच्या एका मित्राने मेसमध्ये पोळी तोडता तोडता उलगडा केला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर फार वेगात ठेवलं की कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० वर आणल्यावर पट्टे गेले. मग तबल्यावरची बोटं धूसर यायला लागली. ती मी तशीच राहू दिली, कारण तबला वाजतोय हे त्यामुळेच कळत होतं.

तीन रात्री तालीम आणि एक गॅदरिंग मिळून ६४० फोटो झाले. त्यातून मी ३० निवडले. सरळ केले, उजेड नीट केला, स्टेजच्या जांभळ्या दिव्यांनी जांभळे झालेले चेहरे कृष्णधवल करून वाचवले. चार रात्री त्यात गेल्या, सबमिशन बोंबललं. पण एक फोटो असा आला होता की त्यासाठी हे सगळं माफ. आमचा बासरीवाला, फायनल इयर मेकॅनिकल. बासरी ओठांवरून नुकतीच बाजूला झालेली, डोळे मिटलेले, आणि त्याच्या डोक्यावर हॉलच्या सगळ्या ट्यूबलाइट एका रेषेत मागे पळत गेलेल्या. त्या रेषेसाठी मी टेबलावर उभा राहिलो होतो.

संपादकाने तो फोटो कव्हरसाठी घेतला आणि कापला. ट्यूबलाइट गेल्या, हॉल गेला, कपाळ गेलं, डोळेही अर्धे गेले. उरला नाकापासून खालचा चेहरा, बासरी आणि बोटं. बाकी सगळी जागा काळी, तिथे अंकाचं नाव.

मी काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, अंकातून माझं नाव काढून टाक. तोही म्हणाला, काढतो. मग दहा बाय बाराच्या त्या खोलीत तीन दिवस अबोला. एकाने लाइट बंद केला की दुसऱ्याने लावायचा, असा प्रकार.

वर्कशॉपमधले एक सर आमच्या अंकाचे मार्गदर्शक होते. त्यांच्याकडे जुन्या एलपी रेकॉर्डचा मोठा साठा आहे. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून एक रेकॉर्ड घेऊन आले. जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची १९५७ साली ध्वनिमुद्रित झालेली 'ब्लू ट्रेन'. कव्हरवर निळ्या छटेत कोल्ट्रेन, मान खाली, विचारात हरवलेला, एक हात ओठांशी. सरांनी विचारलं, या फोटोतून काय कापून टाकलं असेल सांग. मला सांगता येईना. खरं म्हणजे काही कापलं असेल असं मनातच आलं नव्हतं. मग त्यांनी कव्हर उलटं केलं. मागे बारीक अक्षरात तीन नावं होती. फोटो फ्रान्सिस वुल्फ, कव्हरची रचना रीड माइल्स, ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर. सर म्हणाले, पहिल्या माणसाबद्दल वाच, मग ठरव नाव काढायचं की ठेवायचं. रागाच्या भरातच मी वाचायला बसलो. ते इथे सांगतो.

फ्रान्सिस वुल्फचा जन्म ५ एप्रिल १९०७ रोजी बर्लिनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणापासूनचा त्याचा दोस्त म्हणजे आल्फ्रेड लायन. १९२५ साली अमेरिकेतून आलेल्या सॅम वुडिंगच्या वाद्यवृंदाचा बर्लिनमध्ये कार्यक्रम झाला आणि शाळकरी लायन जॅझ संगीताच्या नादी लागला. वुल्फही त्याच नादातला. दोघांना ना गाता येत होतं, ना धड वाजवता. हे दोघे नुसते ऐकणारे. वुल्फने पोटासाठी फोटोग्राफीचा व्यवसाय धरला.

पुढे जर्मनीत हिटलर आला. तिथे ज्यूंचं काय झालं ते सांगायला नको. लायन आधीच अमेरिकेला पोचला होता. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने कृष्णवर्णीय कलावंतांची एक मैफल ऐकली आणि दोनच आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ रोजी, त्यातल्या दोन पियानोवादकांना स्टुडिओत नेऊन ध्वनिमुद्रण केलं. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीची ही सुरुवात. भांडवल मॅक्स मार्ग्युलिस नावाच्या लेखकाने दिलं होतं.

वुल्फ मात्र बर्लिनमध्येच राहिला होता. महायुद्ध सुरू झालं, दारं बंद व्हायला लागली, आणि १९३९ च्या अखेरीस तो अमेरिकेकडे निघालेल्या अगदी शेवटच्या जहाजांपैकी एकावर कसाबसा चढला. हे जहाज चुकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर तो दिवसा एका फोटो स्टुडिओत नोकरी करायचा आणि रात्री मित्राच्या कंपनीचं काम. ध्वनिमुद्रणही रात्रीचंच असायचं, कारण क्लबातले कार्यक्रम आटोपून वादक मोकळे व्हायचे ते पहाटेच्या सुमारास. जागरणाच्या बाबतीत आपण हॉस्टेलवाल्यांनी फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

१९४१ मध्ये लायनला सैन्यात बोलावणं आलं. कंपनी बंदच पडायची, पण वुल्फने ती टिकवली. न्यूयॉर्कमधल्या कमोडोर या रेकॉर्डच्या दुकानात तो कामाला लागला आणि तिथून ब्लू नोटच्या रेकॉर्ड विकत राहिला. लायन परतल्यावर दोघांनी पुन्हा ध्वनिमुद्रणं सुरू केली. १९४७ साली थेलोनियस मंक या पियानोवादकाला त्यांनी पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या नावाने रेकॉर्ड करून दिलं. मंकचं वाजवणं लोकांच्या डोक्यावरून गेलं, रेकॉर्ड खपल्या नाहीत. तरी दोघे त्याचं संगीत मुद्रित करत राहिले. आज मंकचं नाव जॅझमधल्या थोरांत घेतात.

दोघांचं काम वाटलेलं होतं. वादक कोण, धून कोणती, कोणता टेक चांगला, हे लायन बघायचा. करार, हिशेब, पत्रव्यवहार हे वुल्फच्या वाट्याला. आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कॅमेरा घेऊन हजर राहणं हेही. ब्लू नोटची एक रीत होती. ध्वनिमुद्रणाच्या आधी तालमीसाठी वादकांना एक-दोन दिवस वेळ द्यायचा आणि त्या तालमीचेही पैसे द्यायचे. त्या काळी छोट्या कंपन्यांत असं कुणी करत नसे. त्यामुळे वुल्फला तालीमही मिळाली आणि ध्वनिमुद्रणही. वादकांना त्याची इतकी सवय झाली की तो खोलीत आहे हे ते विसरून जायचे. दोघांचे जर्मन उच्चार, आणि वाजवणं रंगलं की दोघांचं ते अवघडलेलं नाचणं, हे बऱ्याच वादकांच्या आठवणींत आहे. दोघे नाचायला लागले म्हणजे टेक जमला, असा वादकांचा हिशेबच होता.

आता त्याचं तंत्र बघा, कारण आपण शेवटी इंजिनीअर. १९५३ पासून ब्लू नोटचं बरंचसं ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक या गावी, रूडी व्हॅन गेल्डरच्या आई-वडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात व्हायचं. हा व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि संध्याकाळी ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ साली त्याने जवळच इंगलवूड क्लिफ्सला उंच छताचा स्वतंत्र स्टुडिओ बांधला. पण आधीची सगळी वर्षं म्हणजे पडदे, दिवे आणि खुर्च्या असलेली घरगुती खोली. अशा खोलीत काढलेले वुल्फचे फोटो बघितले तर मागे बहुतेक वेळा गडद अंधार दिसतो. खोली गेली कुठे?

उत्तर अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. वुल्फ फ्लॅश वापरायचा, पण तो कॅमेऱ्यावर न लावता हाताने बाजूला, लांब धरून. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. वादक फ्लॅशपासून एक मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर पोचणारा उजेड वादकाच्या तुलनेत एक नवमांश. वादकाच्या हिशेबाने एक्स्पोजर लावलं की भिंत काळी. आणि उजेड बाजूने आल्यामुळे घामाचे थेंब, बोटांची हाडं, सॅक्सोफोनच्या कळा सगळं उठून दिसतं. मी मात्र ड्रॉइंग हॉलचा पसारा झाकायला तासन् तास संगणकावर काळा ब्रश फिरवत बसलो होतो.

त्याच्या फोटोंत कॅमेऱ्याकडे बघून हसणारा वादक क्वचितच सापडतो. बहुतेक जण ऐकताना दिसतात. टेक संपल्यावर मान खाली घालून स्वतःचंच वाजवणं ऐकणारे, कागदावर काही खरडणारे, सिगारेट हातात विसरलेले. अमेरिकेत गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका बाकावर बसायलाही अनेक ठिकाणी बंदी होती, तो हा काळ. अशा काळात कृष्णवर्णीय वादक या फोटोंत आपापल्या कामात गढलेले, आपल्या विद्येचे जाणकार म्हणून दिसतात. मला वाटतं, स्वतःच्या देशातून जीव मुठीत घेऊन पळालेल्या माणसाला समोरच्याचा मान राखणं वेगळं शिकवावं लागलं नसेल.

आणि या फोटोंचं पुढे काय व्हायचं? ते रीड माइल्सच्या टेबलावर जायचे.

१९५० च्या दशकाच्या मध्यात ब्लू नोट १२ इंची एलपीकडे वळली. कव्हर म्हणजे एक फूट बाय एक फुटाचा चौकोन, दुकानात लांबूनही दिसणारा. १९५६ च्या सुमारास रीड माइल्स हा तरुण ब्लू नोटची कव्हर करायला लागला आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याने सुमारे पाचशे कव्हर केली. गंमत म्हणजे त्याला जॅझची आवड नव्हती. तो पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारा. मिळालेल्या रेकॉर्ड तो वाटून टाकायचा. लायन त्याला संगीताचा भाव काय आहे ते तोंडी सांगायचा आणि त्यावर हा कव्हर करायचा. पैसे कमी, त्यामुळे छपाई बहुधा काळ्यात आणि जोडीला एखाद-दुसऱ्या रंगात. मग माइल्सने काय करावं? फोटो कापावा, एका रंगात बुडवावा, अक्षरं मोठी करावीत. जो हेंडरसनच्या 'इन अँड आउट' या रेकॉर्डच्या कव्हरवर अख्खा हेंडरसन 'इन'च्या इंग्रजी अक्षरावरच्या टिंबात बसवला आहे! जॅकी मॅक्लीनच्या 'इट्स टाइम'वर कव्हरभर उद्गारचिन्हं आणि फोटो वर कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

वुल्फच्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची निगेटिव्ह सहा सेंटिमीटरची, चौकोनीच. म्हणजे न कापताही फोटो कव्हरवर बरोबर बसला असता. तरी माइल्स कापायचा. वादकाचं कपाळ किंवा डोकं उडवलं की वुल्फ चिडायचा, हे त्याला ओळखणाऱ्यांनी सांगून ठेवलेलं आहे. इथवर वाचलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. म्हणजे माझी तक्रार साठ-पासष्ट वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये करून झाली होती.

पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. वुल्फ कंपनीचा नोकर नव्हता, भागीदार होता. मनात आणलं असतं तर माइल्सचं काम थांबवू शकला असता. त्याने ते केलं नाही. चिडायचा, आणि पुढच्या ध्वनिमुद्रणाला पुन्हा कॅमेरा घेऊन हजर. दहा-अकरा वर्षं हे चाललं. का? त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण माझा तर्क असा. हिशेबाच्या वह्या त्याच्याकडे होत्या. मंकच्या रेकॉर्ड खपत नव्हत्या तेव्हाची वर्षं त्याने बघितली होती. दुकानात अनोळखी माणसाचा हात रेकॉर्डपर्यंत पोचलाच नाही, तर आतल्या वाजवणाऱ्याचं काय? फोटो त्याचा होता, पण रेकॉर्ड कोल्ट्रेनची होती.

दुसरी गोष्ट. कव्हरला फोटो लागायचा एक. वुल्फ दर वेळी काढायचा कितीतरी. लागत नसतानाही काढत राहिला आणि निगेटिव्ह जपून ठेवत राहिला.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर कंपनी लिबर्टी या मोठ्या कंपनीला विकली गेली. १९६७ मध्ये लायन निवृत्त झाला. माइल्सही त्याच सुमारास बाहेर पडला. वुल्फ मात्र राहिला. मित्राने सुरू केलेल्या कंपनीत, नव्या मालकांच्या हाताखाली, आता ध्वनिमुद्रणाची जबाबदारीही अंगावर घेऊन. ८ मार्च १९७१ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तो वारला. फोटोग्राफर म्हणून त्याला जॅझच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढे मायकेल कुस्कुना आणि चार्ली लॉरी या दोघांनी ब्लू नोटचं जुनं संगीत पुन्हा उजेडात आणायचं काम हाती घेतलं, आणि त्याबरोबर वुल्फचे फोटोही बाहेर आले. हजारो! १९९५ साली त्याच्या फोटोंचं मोठं पुस्तक निघालं. मृत्यूनंतर २४ वर्षांनी. त्यात कोल्ट्रेनही आहे, मंकही आहे, आणि कपाळं शाबूत आहेत.

हे सगळं वाचून मी रात्री खोलीवर गेलो. पार्टनर जागाच होता. काही न बोलता मी त्याच्या संगणकावर कव्हरची फाइल उघडली आणि मूळ फोटो घेऊन स्वतः कापायला बसलो. राग बाजूला ठेवून बघितलं तर पटलं. माझ्या फोटोत बघणाऱ्याची नजर आधी ट्यूबलाइटच्या रेषेवर जात होती, बासरीवाला नंतर. म्हणजे तो फोटो बासरीवाल्याचा नव्हताच, टेबलावर चढलेल्या माझा होता. मी फक्त कात्री दोन बोटं वर सरकवली, मिटलेल्या पापण्या पूर्ण दिसतील इतकी. तो मागून बघत होता. म्हणाला, हे जास्त बरं आहे. मग म्हणाला, चहा घेऊ या. तीन दिवसांचा अबोला कटिंगवर संपला. माझं नाव अंकात राहिलं, आणि यापुढे कापण्याआधी दाखवायचं असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

अंक छापून आला. मधल्या जोडपानावर स्टेपलची पिन बरोबर तबलजीच्या गालात घुसली होती, हे आमच्या दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यावरून अजून बोलणी खातो. पण कव्हर मेसच्या फलकावर लावलं तेव्हा ताट हातात घेऊन पोरं थांबून बघत होती. हे मी स्वतः लांबून बघितलं.

वर्ष संपताना बासरीवाला माझ्याकडे आला. कॅम्पसमधून नोकरी लागली होती, दुसऱ्या दिवशी हॉस्टेल सोडणार होता. त्याला तो फोटो हवा होता. मी कव्हरचा काढून दाखवला तर म्हणाला, हा नको, अख्खा दे. आपला हॉल दिसतो तो. चार वर्षं रात्री तिथेच बसलोय.

मी त्याला तो दिला. आणि त्या आठवड्यात बसून सगळे ६४० फोटो, पट्टेवाले वाया गेलेलेही, तारीख आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहून एका फोल्डरमध्ये नीट लावले आणि एक प्रत ग्रंथालयात दिली. पुढच्या वर्षी अंक काढणाऱ्यांनी त्यातलं हवं ते घ्यावं, हवं तसं कापावं. मूळ फोटो जागेवर आहेत.